राक्षसाला नियम हवा

टेबलाभोवती चार-पाच स्नेही जमवून, वीस पैलूंचा फासा, काही कोरे कागद आणि पुष्कळशी कल्पनाशक्ती एवढ्याच भांडवलावर जो अद्भुतकथांचा खेळ आज दिल्ली, नोएडा, गुडगाव आणि गाझियाबाद येथील कितीतरी घरांतून रविवारच्या दुपारी रंगतो, त्याची रीत आता पुष्कळांच्या परिचयाची झाली आहे. एक जण सूत्रधार होतो; बाकीचे प्रत्येकी एक पात्र पत्करतात; सूत्रधार प्रसंग उभा करतो, पात्रे आपण काय करणार ते सांगतात, आणि जेथे निकाल अनिश्चित असेल तेथे फासा कौल देतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाने या खेळाचे पहिले नियम छापले, आणि तीनच वर्षांनी, १९७७ साली, केवळ राक्षसांची अशी एक स्वतंत्र जंत्री ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ या नावाने बाहेर पडली. यावरून या खेळात राक्षसाची मातब्बरी केवढी आहे हे सहज ध्यानात येईल.

प्रस्तुत लेख सूत्रधाराच्या खुर्चीवर, विशेषतः नव्यानेच, बसणाऱ्या वाचकासाठी आहे. त्याची नित्याची अडचण अशी की, आठवडाभर खपून उभा केलेला राक्षस एक तर दोन फेऱ्यांत लोळागोळा होतो, नाही तर पात्रांचा सरसकट फडशा पाडून साऱ्या मंडळींचा विरस करतो. आणि दोन्ही प्रसंगी त्याला एकच उपाय सुचतो, तो म्हणजे पुढल्या खेपेस राक्षसाचे हिट पॉइंट, म्हणजे इजा सोसण्याचा साठा, वाढवावेत किंवा घटवावेत. आकड्यांची ही चढउतार अगदीच निरुपयोगी आहे असे नाही, आणि तिचा हिशेब पुढे दिलाही आहे. परंतु राक्षसाचे कठीणपण प्रथम त्याच्या नियमात वसते आणि नंतर त्याच्या आकड्यांत, असे माझे मत आहे, आणि त्याची साक्ष काढण्यासाठी दिल्लीच्या वेशीबाहेर जाण्याचेही कारण नाही.

२००१ सालच्या मे महिन्यात गाझियाबादेच्या बाजूने एक वार्ता उठली आणि बघता बघता यमुनापारच्या दाट वस्त्यांत पसरली. दिवस कडक उन्हाळ्याचे, वीज रात्री-अपरात्री जाणारी, आणि माणसे उकाड्याला कंटाळून गच्चीवर अंथरुणे टाकणारी. अशा काळोखात ‘काला बंदर’ येतो, झोपलेल्यांना बोचकारतो आणि छपरांवरून उड्या मारीत नाहीसा होतो, असे जो तो सांगू लागला. कोणी त्याची उंची चार फूट सांगे, तर कोणी त्याला माणसाहून थोर करी. कोणाला अंगभर काळे केस दिसले, कोणाला डोक्यावर हेल्मेट, कोणाला हातांत पोलादी नखे, तर कोणाला छातीवर चमकणारी बटणे. पोलिसांनी साक्षीदारांच्या जबान्यांवरून रेखाचित्रे काढविली, पकडून देणारास पन्नास हजार रुपयांचे इनाम जाहीर केले, शेकडो टेलिफोन घेतले. घाबरगुंडीत छपरांवरून, जिन्यांवरून कोसळून माणसे दगावली. आणि एवढे होऊनही तपासाअंती असा कोणताच प्राणी निष्पन्न झाला नाही.

सूत्रधाराने या प्रकरणाकडे आपल्या धंद्याच्या दृष्टीने पाहावे. काला बंदर भयंकर होता यात शंका नाही, परंतु खेळातला राक्षस म्हणून तो अगदीच कुचकामाचा ठरला असता. कारण त्याला काय हवे आहे, तो केव्हा येतो, कशाने अडतो आणि कशाने हटतो, यांपैकी एकाही प्रश्नाला उत्तर नव्हते. ज्याच्याविषयी काहीच जाणता येत नाही त्याच्यापुढे पळणे किंवा आंधळेपणाने काठी फिरविणे एवढेच माणसाच्या हाती उरते, आणि पळणे व काठी फिरविणे यांत निर्णय असा कोणताच नसतो. नियम नसलेल्या राक्षसापुढे बसलेल्या खेळाडूची स्थिती नेमकी हीच होते: तो फासा टाकीत राहतो, आकडे मोजीत राहतो, आणि जिंकला तरी आपण काही केले असे त्याला वाटत नाही.

याच्या उलट आपल्या पुराणांतले असुर पाहा. हिरण्यकशिपूला मागून मिळालेले वरदान म्हणजे अटींची एक लांबलचक यादी आहे, आणि नरसिंहाचे सारे कौशल्य त्या यादीतल्या फटी शोधण्यात आहे. रक्तबीजाच्या रक्ताचा थेंब भूमीवर पडला की तेथून त्याच्यासारखाच दुसरा वीर उठतो, म्हणून त्याला अधिक जोराने मारणे हाच सर्वांत वाईट उपाय ठरतो. सूत्रधाराला सर्वांत शिकण्याजोगी कथा मात्र जरासंधाची. ज्या इंद्रप्रस्थाची जागा परंपरा आजच्या पुराण्या किल्ल्याशी जोडते, तेथूनच कृष्ण, भीम आणि अर्जुन मगधाकडे निघाले. भीमाने मल्लयुद्धात जरासंधाला उभा चिरला तरी त्याची दोन्ही शकले पुन्हा जुळू लागली. तेव्हा, प्रचलित कथेनुसार, कृष्णाने एक काडी उभी चिरली आणि तिचे दोन भाग उलटसुलट बाजूंना फेकून दिले. या छोट्याशा प्रसंगात राक्षसरचनेचे तीन पाठ आहेत: राक्षसाला एक निश्चित नियम होता, पहिला प्रयत्न फसला तो सर्वांच्या देखत फसला, आणि उपायाची खूण लढाई चालू असतानाच डोळ्यांसमोर आली. भीमाचे बळ त्यामुळे व्यर्थ गेले नाही. त्याला फक्त दिशा मिळाली.

तेव्हा नवा राक्षस लिहावयास घेताना कागदाच्या माथ्यावर, कोणताही आकडा मांडण्यापूर्वी, चार प्रश्नांची उत्तरे लिहावीत. याला काय हवे आहे? हा कोणत्या नियमाने बांधलेला आहे? तो नियम खेळाडूंना कशावरून कळेल? आणि त्या नियमाचा फायदा घेताना त्यांना काय गमवावे लागेल? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘माणसे खाणे’ असे असले तर ते अपुरे समजावे; बकासुरालाही माणूस खावयाचाच होता, पण गाडाभर अन्न, दोन रेडे आणि एक माणूस असा त्याचा करार होता, आणि त्या करारामुळेच गाडीवान होऊन जाण्याची वाट भीमाला सापडली. तिसऱ्या प्रश्नाकडे नवे सूत्रधार बहुधा दुर्लक्ष करतात. खूण आपल्याला ठाऊक असते म्हणून ती खेळाडूंनाही दिसली असेल असा समज होतो. वस्तुतः तीनपैकी एक खूण त्यांच्या कानांवर पडत नाही, एकीचा अर्थ ते भलताच लावतात आणि एक मात्र लागू पडते. म्हणून प्रत्येक नियमासाठी निदान तीन खुणा, आणि त्याही तीन निरनिराळ्या ठिकाणी, पेरून ठेवाव्यात.

नियमाचे वजन आकड्यांच्या भाषेतही मोजता येते. चौथ्या लेव्हलची चार पात्रे घ्या. प्रत्येकाला फाशावर अधिक सहा मिळतात आणि वार लागला तर आठ पैलूंच्या फाशाचा आकडा अधिक चार, म्हणजे सरासरी ८.५ इजा होते, असे धरा. समोर १५ आर्मर क्लासचा, म्हणजे वार लागण्यास एकूण १५ तरी व्हावे लागतात असा, राक्षस असेल तर वीस पैलूंच्या फाशावर ९ किंवा त्याहून अधिक पडावे लागेल, म्हणजे वीसपैकी बारा वेळा, शेकडा ६०, वार लागेल. एका फेरीत चौघे मिळून सरासरी २०.४ हिट पॉइंट घेतील. या हिशेबाने चार फेऱ्या टिकणाऱ्या राक्षसाला ऐंशीच्या आसपास हिट पॉइंट पुरेत. खेळाच्या पाचव्या आवृत्तीच्या २०१४ सालच्या जंत्रीतल्या ट्रोलला १५ आर्मर क्लास आणि ८४ हिट पॉइंट आहेत, म्हणजे तो याच मापाचा. परंतु त्याच्या जखमा दर पाळीला दहा हिट पॉइंटांनी भरून येतात, आणि अग्नी किंवा आम्ल लागले तरच ते भरून येणे त्या खेपेपुरते थांबते. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्या फेरीमागे वीसाऐवजी जेमतेम दहाच हिट पॉइंट पदरी पडतात आणि चार फेऱ्यांची लढाई आठ फेऱ्यांची होते. ज्यांना ठाऊक आहे ते मशाल पेटवितात. एकही आकडा न बदलता तोच राक्षस अज्ञान्याला दुप्पट अवघड झाला. ही कल्पना खेळकर्त्यांनी पॉल अँडरसन यांच्या ‘थ्री हार्ट्स अँड थ्री लायन्स’ या कादंबरीतून उचलली, आणि पन्नास वर्षांत ती शिळी झाली नाही याचे कारण तिच्यातला नियम एका वाक्यात सांगता येण्याजोगा आहे.

राक्षसाकडून होणाऱ्या इजेचा हिशेबही असाच सरळ आहे. चौथ्या लेव्हलच्या पात्रांना सरासरी तीस हिट पॉइंट असतील तर चौघांचे मिळून १२० झाले. लढाई चुरशीची व्हावी, पण संहाराची होऊ नये, अशी इच्छा असेल तर चार फेऱ्यांत त्यांतले निम्मे, म्हणजे ६०, खर्ची पडावेत, अर्थात फेरीमागे १५. राक्षसाचे वारही शेकडा ६० लागतात असे धरले तर त्याच्या फेरीची एकूण इजा पंचविसाच्या घरात हवी. ही पंचवीस एकाच वारात भरू नये. तिचे प्रत्येकी सुमारे आठांचे तीन वार करावेत, कारण एकच जबर वार चुकला तर राक्षस हास्यास्पद होतो आणि लागला तर एखादा खेळाडू पहिल्याच फेरीत हात चोळीत बसतो.

येथेच संख्येचा विचार येतो, आणि तो फारसा कोणी करीत नाही. एका राक्षसावर चार पात्रे तुटून पडतात तेव्हा त्याच्या एका पाळीस त्यांच्या चार पाळ्या होतात, आणि कितीही बलवान एकटा अशा ओघापुढे टिकत नाही. पाचव्या आवृत्तीने यावर काढलेला तोडगा असा की, थोर राक्षसांना इतरांच्या पाळ्यांच्या शेवटी लहानसहान कृती करण्याची मुभा दिली, बहुधा फेरीला तीन. आपल्या घरच्या राक्षसालाही अशी एखादी कृती द्यावी, म्हणजे तो ताटकळत उभा राहत नाही. उलटपक्षी किरकोळ राक्षसांची संख्या वाढविताना हात आखडता घ्यावा. याच आवृत्तीच्या २०१४ सालच्या कोष्टकात गॉब्लिनची किंमत अवघी ५० अनुभवबिंदू आहे. परंतु दोन असता बेरजेला दीडाने आणि तीन ते सहा असता दोनाने गुणावयाचे असल्यामुळे, पहिल्या लेव्हलच्या चार पात्रांपुढे दोन गॉब्लिन म्हणजे १५० बिंदूंची सोपी चकमक, तीन म्हणजे ३०० बिंदूंची अवघड, आणि चार म्हणजे ४०० बिंदूंची, कोष्टकाच्याच शब्दांत प्राणघातक, लढाई होते. एका क्षुल्लक गॉब्लिनच्या भरतीने एवढा पालट होतो, हे पहिल्याच बैठकीत आपली पात्रे गमावून बसलेल्या कित्येक मंडळींना ठाऊक नसते.

क्षुल्लकांचा विषय निघाला आहे तर ‘ड्रॅगन’ मासिकाच्या १९८७ सालच्या १२७व्या अंकातील एका प्रसिद्ध संपादकीयाचा उल्लेख केला पाहिजे. संपादक रॉजर मूर यांनी त्यात टकर नावाच्या सूत्रधाराच्या कोबोल्डांची हकीकत सांगितली आहे. कोबोल्ड म्हणजे जंत्रीतला जवळजवळ सर्वांत दुबळा जीव. पण टकरच्या भुयारांतले कोबोल्ड अरुंद वाटा अडवीत, भिंतींतल्या भोकांतून बाण सोडीत, जळते अडसर ढकलीत आणि पात्रांना धुराने कोंडून परत फिरू देत नसत. परिणामी बलाढ्य पात्रेही खालच्या मजल्यावरच्या भयानक राक्षसांकडे धाव घेण्यात सुख मानीत. आकडे तेच राहिले. बदलली ती जागा, आणि जागेचा उपयोग करण्याची अक्कल.

जागेच्या बाबतीत दिल्लीचा सूत्रधार मोठा भाग्यवान म्हटला पाहिजे. तुघलकाबादचा अवाढव्य ओसाड कोट, महरौलीच्या पडक्या कमानी, अरवलीच्या कण्यावरचे काटेरी रान, हे सारे त्याच्या मेट्रोच्या टप्प्यात आहे. कॅनॉट प्लेसजवळच्या हेली रोडवरील अग्रसेन की बावली घ्या: सुमारे ६० मीटर लांब, १५ मीटर रुंद, शंभराहून अधिक पायऱ्यांनी खाली खाली उतरत जाणारी, दोन्ही बाजूंना कमानींचे कोनाडे असलेली अशी ही वास्तू म्हणजे लढाईचा तयार नकाशाच आहे. एखाद्या सुट्टीच्या सकाळी तेथे जाऊन वरच्या पायरीवर उभे राहावे आणि तळाशी उभ्या असलेल्या माणसाचा आवाज कसा येतो, खालून वर पाहणाऱ्याला आकाश किती दिसते, दोघे जण खांद्याला खांदा लावून कोणत्या पायरीपर्यंत लढू शकतील, हे टिपून आणावे. कल्पनेने रचलेल्या दहा भुयारांपेक्षा ही टिपणे अधिक कामास येतील.

आता अशा एखाद्या काल्पनिक बावलीत आपला गिऱ्हा आणून ठेवा. आपल्या आज्या-पणज्यांच्या गोष्टींतला हा पाण्यातला पिशाच माणसाला खाली ओढतो, एवढेच त्याचे सामर्थ्य. त्याला हिट पॉइंट अवघे ३५ द्यावेत, आणि नियम असा करावा की, ज्याचा पाय भिजला तोच त्याच्या हाती सापडतो, आणि ज्याचा पाय कोरडा आहे त्याचे शस्त्र त्याला लागत नाही. बावलीचे पाणी दर फेरीला तीन पायऱ्या वर चढते. हरवलेले मूल तळाशी, एका कोनाड्यात, अजून श्वास घेत बसलेले आहे. येथे खेळाडूंना हिट पॉइंटांची चिंता करण्यास सवडच मिळत नाही. कोणी भिजावयाचे, दोर कोणी धरावयाचा आणि कोणत्या फेरीला माघार घ्यावयाची, यावर त्यांचे आपसांत वाद सुरू होतात. टेबलावर असा वाद पेटला की राक्षस जमला असे खुशाल समजावे.

मराठी वाचकाने भुताखेतांची घरची दौलत अशी खर्ची घालावी, असा माझा आग्रह आहे. परकीय जंत्रीतही ‘राक्षस’ नावाचा एक जीव आहे, पण वाघाच्या तोंडाचा, उलट्या तळव्यांचा आणि मंत्रित बाणाने मरणारा हा गृहस्थ रामायणातून आलेला नाही. त्याची प्रेरणा ‘कोलचॅक: द नाइट स्टॉकर’ या अमेरिकन दूरचित्रवाणी-मालिकेच्या १९७४ सालच्या एका भागातली आहे. आपल्याकडे पिंपळावरचा मुंजा आहे, हडळ आहे, खवीस आहे, आणि खेळाच्या दृष्टीने सर्वांत गुणी असा चकवा आहे, जो अंगाला बोटही न लावता वाटसरूला रात्रभर त्याच त्याच जागी फिरवीत ठेवतो. जिवाखेरीज दुसरे काहीतरी हिरावून घेणारा राक्षस खेळाडूंना अधिक झोंबतो. गायगॅक्स यांनी प्लॅस्टिकच्या एका स्वस्त खेळण्यावरून ‘रस्ट मॉन्स्टर’ नावाचा जीव रचला. तो कोणाला फारसा घायाळ करीत नाही, केवळ चिलखत व तलवारी गंजवून खातो, आणि ड्रॅगनपुढे न डगमगणारे योद्धे त्याला पाहून पळ काढतात. चकवा दिशा हिरावतो, आणि दिशेबरोबर वेळ, शिधा व एकमेकांवरचा विश्वास. त्याचा नियमही परंपरेने आयताच दिला आहे: जुनी माणसे सांगत की, चकवा लागला तर चालणे थांबवावे, एका जागी बसावे आणि उजाडण्याची वाट पाहावी. पाठीवर शत्रूचे घोडेस्वार असताना एका जागी बसून राहण्याची छाती कोणाला आहे, हा प्रश्न पुढे टाकला की चकव्यासाठी एकही हिट पॉइंट लिहावा लागत नाही.

आता एक राक्षस आरंभापासून शेवटापर्यंत रचून दाखवितो, आणि त्याचे बीज दिल्लीतल्याच एका स्थळातून घेतो. फिरोजशाह तुघलकाने १३५४ च्या सुमारास वसविलेल्या फिरोजाबादेचा कोट आज फिरोजशाह कोटला म्हणून ओळखला जातो. तोपऱ्याहून आणविलेला अशोकस्तंभ तेथे तीन मजली इमारतीच्या माथ्यावर उभा आहे, आणि दर गुरुवारी तेथे लोक येऊन कोनाड्यांत दिवे, उदबत्त्या लावतात व तेथल्या जिन्नांच्या नावे लेखी अर्ज ठेवतात. सरकारी दफ्तरात निरनिराळ्या खात्यांकडे पाठवाव्यात तशा एकाच अर्जाच्या अनेक छायाप्रती निरनिराळ्या कोनाड्यांत ठेवण्याचीही तेथे चाल आहे. दुःखी माणसांच्या या श्रद्धास्थानाला जसेच्या तसे उचलून खेळात घालणे सर्वथा अनुचित होय; परंतु अदृश्याशीही कारभार लेखी असावा, ही कल्पना आपण एका बनावट कोटात खुशाल नेऊ शकतो.

तर कल्पना करा की, अरवलीच्या एका ओसाड कोटात कोणा विस्मृत सुलतानाने रयतेचे अर्ज रुजू करून घेण्यासाठी एक जिन्न तैनात केला. सुलतान मेला, तख्त मोडले, पण हुकूम कोणी मागे घेतला नाही. जिन्न अद्याप अर्ज घेतो, आणि निकाल देणारा धनीच नसल्यामुळे ते तुंबत जातात. त्याला हवी आहे ती कामावरून मोकळीक. त्याचे नियम दोन: लेखी आलेला अर्ज त्याला नाकारता येत नाही, आणि आपल्या कमानीखाली बसलेला असेतो, म्हणजे कामावर हजर असेतो, त्याला कोणतेही शस्त्र लागत नाही. अर्जदाराला तो बोट लावीत नाही. मात्र निकाल लागेपर्यंत अर्जदाराचा आवाज जामीन म्हणून ठेवून घेतो, आणि त्यामुळे आसपासच्या गावांत मुकी माणसे पुष्कळ आहेत. खुणा तीन ठेवाव्यात: दर गुरुवारी कोटात शेळ्या घेऊन जाणारा आणि सुखरूप परतणारा एक मुका धनगर; पावसातही कोरडे राहिलेले कागदांचे गठ्ठे; आणि दरवाजावरचा अर्धवट पुसलेला शिलालेख, ज्यात नेमणुकीचा मजकूर व मोहोर आहे, परंतु मुदतीची ओळ कोरी आहे.

लढाईची पाळी आलीच तर वरच्या हिशेबाप्रमाणे त्याला १५ आर्मर क्लास, ८० हिट पॉइंट आणि सुमारे आठ-आठ इजेचे तीन वार द्यावेत. याशिवाय प्रत्येक फेरीत एकदा, दुसऱ्या कोणाच्या पाळीच्या शेवटी, त्याने एका पात्राच्या नावाचा पुकारा करावा, आणि ज्याचा पुकारा झाला त्याने फाशावर सुटका न मिळाल्यास कमानीकडे पाच पावले चालत जावे. निम्मे हिट पॉइंट गेले की गठ्ठे फुटून कागद हवेत उधळावेत आणि चार पावलांपलीकडचे दिसेनासे व्हावे. दोन टप्प्यांच्या या रचनेमुळे लढाईचा उत्तरार्ध पूर्वार्धाची नक्कल होत नाही. जिंकण्याच्या वाटा तीन, आणि प्रत्येकीला मोल आहे. त्याला कमानीबाहेर काढून लढता येईल, पण त्यासाठी कोणाला तरी आमिष व्हावे लागेल. कागद जाळले तर तो दुबळा होईल, पण साऱ्या अर्जदारांचे आवाज कायमचे नष्ट होतील. आणि मोहोर शोधून त्याला रीतसर मोकळीक लिहून दिली तर तो वाकून मुजरा करील व निघून जाईल. मात्र जागा रिकामी ठेवण्याचा नियम नाही, म्हणून कोणी तरी एका पात्राने ती वर्षातला एक दिवस तरी चालविण्याचे कबूल केले पाहिजे. यांपैकी कोणती वाट बरोबर, हे सूत्रधाराने मनात ठरवून ठेवू नये. खेळाडू चौथीच वाट काढतील, आणि ती नियमाला धरून असेल तर ती निमूटपणे मंजूर करावी.

दोन पथ्ये सांगावयाची राहिली. पहिले असे की, राक्षसाने प्रत्यक्ष माणसांच्या एखाद्या जातीचे, धर्माचे किंवा प्रांताचे रूप घेऊ नये. एखाद्या समाजाची भाषा, पेहराव किंवा पूजा उचलून ती दुष्टांच्या टोळीला चढविणे ही कल्पनाशक्तीची दिवाळखोरी तर आहेच, शिवाय दिल्लीसारख्या नगरात, जेथे एकाच टेबलाशी पंजाबी, बंगाली, काश्मिरी, मुसलमान, मराठी अशी मंडळी सहज बसतात, तेथे तो सरळसरळ शेजारधर्माचा भंग होय. कोणत्या प्रकारचे भय आपल्याला नको, हेही बैठकीच्या आरंभीच प्रत्येकाला विचारून घ्यावे. मूल हरवणे किंवा पाण्यात बुडणे हे कोणा एकाला खेळ वाटणार नाही, आणि तसे असेल तर गिऱ्ह्याच्या तळाशी मुलाऐवजी चोरलेली घंटा ठेवल्याने काही बिघडत नाही. दुसरे पथ्य सूत्रधाराच्या स्वतःच्या मोहाविषयी. आपण रचलेला नियम खेळाडूंनी दुसऱ्याच फेरीत ओळखला की तो गुपचूप बदलण्याची, हिट पॉइंट चोरून वाढविण्याची बुद्धी होते. तसे कदापि करू नये. ज्यांनी खुणा वाचल्या त्यांचा विजय लवकर झाला तर तो त्यांचा हक्क आहे, आणि एकदा नियम फिरला असा संशय आला की पुढच्या प्रत्येक राक्षसापुढे ते पुन्हा आंधळेपणाने काठी फिरवू लागतील.

तेव्हा येत्या रविवारी मंडळी जमण्यापूर्वी एवढेच करा: आपल्या राक्षसाच्या कागदावरचा एखादा आकडा खोडा, त्या जागी एका वाक्यात सांगता येईल असा एक नियम लिहा, आणि तो खेळाडूंना कोणत्या तीन ठिकाणी दिसेल हे त्याच कागदावर नोंदवून ठेवा. खेळ संपल्यावर मंडळींनी राक्षसाला किती हिट पॉइंट होते असे विचारले तर रचनेत अद्याप उणे आहे असे समजावे. आणि आपण वेगळे काय करावयास हवे होते यावर ते परतीच्या वाटेवरही भांडत राहिले, तर तोच राक्षस जपून ठेवावा व त्याच्या मापाने पुढचा लिहावा.